ओझेलाची ओ

कॅलवेंच्या घरी रेडिओवर ते गाणं लागलं, की ओझेला प्रुइट हातातलं काम तसंच टाकून मागच्या अंगणात जायची. दोरीवरचे कपडे वाळलेले नसले तरी चाचपून बघायची, कोंबड्यांना उगीचच हुसकायची. गाणं संपल्याची खात्री झाली की मगच आत यायची.

"तुला आवडत नाही का गं हे गाणं, ओझेला?" मार्गी विचारायची. कॅलवेंची ही एकुलती एक मुलगी, सोळा सरून सतराव्यात आलेली. तिचा जीव सगळा त्या रेडिओत. "अख्ख्या जॉर्जियात पोरं वेडी झालीत या क्लिओरापायी. आणि तू मेली पळून जातेस!"

"आम्ही म्हातारी माणसं, मिस मार्गी. आम्हाला देवाची गाणी बरी."

ती क्लिओरा आपल्या पोटची, हे ओझेलानं या घरात कधी सांगितलं नव्हतं. आणि ते गाणं तरी कुठलं? ते तिच्या आजीचं गाणं होतं.

आजीच्या गाण्यात एकजण हाक घालायचा, 'उंबऱ्याशी कोण उभं?' आणि सगळ्यांनी ओ द्यायची, 'तोच गं बाई, तोच!' तोच म्हणजे प्रभू. आजी सांगायची, मालकांच्या कापसात राबायचो तेव्हा संध्याकाळी शेताच्या या टोकाकडून हाक घालायचो. ओ आली तर माणूस जिवंत. नाही आली, तर कंदील घेऊन शोधायला जायचं. म्हणून पोरी, हाक अधांतरी ठेवू नये. कुणाचीही असो, ठेवू नये.

माउंट नीबो चर्चमध्ये ती रीत अजून होती. मंडळीनं वाळीत टाकलेल्या माणसाला परत घ्यायचं झालं, तर रविवारी तो येऊन चर्चच्या उंबऱ्याबाहेर उभा राहायचा. पाद्री आतून हाक घालायचे, 'उंबऱ्याशी कोण उभं?' त्याच्या घरच्या कुणीतरी उठून ओ द्यायची आणि हाताला धरून त्याला आत आणायचं. तो प्रभू कुणाच्या रूपानं दारात येईल, सांगता का येतं? ओ दिली की झालं. मागचं कुणी उकरून काढायचं नाही.

क्लिओरानं तेच गाणं उचललं, प्रभूच्या जागी प्रियकर घातला, मागे ढोलकं आणि पितळी वाद्यं लावली आणि बाजारात नेलं. चर्चचा कारभार पाहणाऱ्या डीकन मंडळींनी तिचं नाव सभासदांतून काढून टाकलं. ओझेला त्या दिवशी पुढच्या बाकावर बसलेली होती, मंडळीतली मानाची वडीलधारी बाई, मदर प्रुइट म्हणून, पांढऱ्या पोशाखात. तिनं लेकीसाठी तोंड उघडलं नाही. घरी गेल्यावर एवढंच म्हणाली, "ज्या तोंडानं देवाला आळवलंस त्याच तोंडानं हे? मी तुझा आवाज पुन्हा ऐकायची नाही." क्लिओरा त्याच आठवड्यात घर सोडून गेली. ओझेलानं शब्द पाळला. पण दर बुधवारी दिवस मावळेपर्यंत फक्त पाण्यावर राहून ती जो उपास करायची, तो त्या लेकीच्याच नावानं करायची.

सहा वर्षांनी एका बुधवारी क्लिओरा दारात येऊन उभी राहिली, तेव्हा ओझेला कामावरून नुकतीच परतली होती.

"उपास आहे ना आज?" क्लिओरा म्हणाली. "बघ, मला आठवतंय. म्हणून काही खायला नाही आणलं."

"अंगावर मांस उरलं नाही गं तुझ्या. काय खातेस तरी?"

"रस्त्यानं कुठे बसून खाऊ देतात आम्हा काळ्यांना? बसमध्ये बिस्किटं आणि सार्डिन मासळीचे डबे. हॉटेलवाल्यांच्या पोरी माझं गाणं गुणगुणत खिडकीशी येतात आणि सांगतात, मागच्या दारानं बांधून देऊ, इथे उभ्या राहू नका." ती हसली. "चांगल्या चालीत सांगतात, हां. सूर सोडत नाहीत."

ओझेलाला हसू आलं, ते तिनं तोंडावर हात ठेवून लपवलं. मग दोघी पायरीवर बसल्या.

"आई, मला परत यायचंय," क्लिओरा एकदम म्हणाली. "गाणं सोडून नव्हे. ते माझं पोट आहे. पण मी मेले तर मला नीबोच्या आवारात पुरणारसुद्धा नाहीत. पाद्री टॉलिव्हरांशी बोलले मी. ते म्हणतात, रविवारी उंबऱ्यावर येऊन उभी राहा, मी हाक घालतो. ओ द्यायला मात्र कुणीतरी हवं."

"आणि ते मी."

"दुसरं कोण आहे मला?"

ओझेला आपल्या हातांकडे बघत राहिली. दिवसभर साबणाच्या पाण्यात राहून बोटं सुरकुतली होती. "जे मी ऐकलंच नाही, त्याची ग्वाही कशी देऊ?" ती सावकाश म्हणाली. "देवापुढे उभं राहायचं आहे गं. तू काय केलंस आजीच्या गाण्याचं, ते माझ्या कानांनी ऐकू दे. मग रविवारचं बघू."

"मग आज ये. आज टाऊन हॉलमध्ये आहे."

"तिथे आपल्याला सोडतात का आता?"

सोडत नव्हते. महिन्याभरापूर्वीपर्यंत सोडत होते. हॉलच्या मधोमध दोरी बांधायचे, एका अंगाला गोरे, एका अंगाला काळे, आणि दोरीवर पोलीस. पण एका कार्यक्रमाला पोरं इतकी रंगात आली, की नाचता नाचता दोरी कधी पायाखाली गेली आणि कोण कुणाचा हात धरून फिरतंय हे कुणाला कळलं नाही. गावभर बोभाटा झाला. गाव-समितीनं ठराव केला, नाचगाण्याच्या कार्यक्रमाला यापुढे काळ्यांना प्रवेश नाही. गाणारे तेवढे काळे चालतील. ठराव मांडणारे होते मिस्टर कॅलवे, आणि त्या संध्याकाळी त्यांच्या जेवणाच्या टेबलावर वाढायला ओझेलाच उभी होती.

"कपडे सांभाळणारी बाई म्हणून आत येशील," क्लिओरा म्हणाली. "माझ्या ताफ्याबरोबर. एप्रन घालायचा आणि माझे झगे हातावर घ्यायचे. कुणी बघत नाही."

"लेकीची मोलकरीण होऊ?"

"दुसऱ्यांच्या लेकीची होतेसच की रोज."

शब्द गेला आणि क्लिओराचा चेहरा उतरला. ओझेलाला तो लागला. पण तो खोटा नव्हता. ती उठून आत गेली आणि दोरीवरचा धुतलेला एप्रन घडी घालून घेऊन आली. बुधवारची संध्याकाळची चर्चमधली प्रार्थना तिनं कधी चुकवली नव्हती. ती त्या दिवशी चुकली.

हॉलमध्ये रंगमंचाच्या कडेला, पडद्याच्या आडोशाला ती झगे घेऊन उभी राहिली. पलीकडे रेकॉर्ड कंपनीचा एक गोरा माणूस ध्वनिमुद्रणाचं यंत्र लावून बसला होता. कार्यक्रमाची रेकॉर्ड काढायची होती. समोर सगळी गोरी पोरं. त्यात पुढच्या रांगेत गाल लाल झालेली मार्गी. ओझेला आणखी आत सरकली.

पोरं टाळ्या वाजवत होती, पण टाळी पडत होती भलतीकडेच. जिथे पाय पडतो तिथेच हातही. आपल्याकडे पाय पडून गेल्यावर, मधल्या रिकाम्या जागेत टाळी देतात. चर्चमधलं तान्हं पोरसुद्धा आईच्या मांडीवर तशीच देतं. ओझेलाला राहवेना. देवा, कुणीतरी यांना शिकवा रे, असं काहीतरी तिच्या मनात आलं. आणि या टाळ्यांच्या उलट्या लोंढ्यातून क्लिओरा मात्र अशी गात होती, की वाट चुकलेल्या गुरांना वळवून घरी आणावं. हळूहळू टाळी वळली. सगळी नाही, पण वळली.

ओझेलानं डोळे मिटले. वाद्यं होती, झगमग होती, प्रियकर होता, सगळं होतं. पण खाली, तळाशी, आजी होती. शब्द बाजारी झाले होते. हाक बाटली नव्हती.

शेवटच्या कडव्याला क्लिओरानं हात वर केला. वाद्यं थांबली. मागे साथ करणाऱ्या पोरींना तिनं डोळ्यांनी गप्प केलं. मग ती प्रेक्षकांकडे पाठ करून पडद्याकडे वळली आणि आजीच्या मोडणीत, अगदी कापसाच्या शेतातून यावी तशी हाक घातली,

"उंबऱ्याशी कोण उभं?"

हॉल शांत. हाक वर जाऊन तरंगत राहिली. आणि ओझेलानं काही ठरवलं नाही, विचार केला नाही; उभ्या जन्माची सवय, तिचं तोंड आपोआप उघडलं. छातीच्या तळापासून, चर्चच्या मागच्या भिंतीवर जाऊन आपटावी अशी ओ गेली,

"तोच गं बाई, तोच!"

हॉल फुटला. पोरं बाकांवर चढली. "पुन्हा! पुन्हा!" क्लिओरानं पुन्हा हाक घातली आणि या खेपेला ओझेलाबरोबर सगळ्या हॉलनं ओ दिली. क्लिओराच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, तोंडावर हसू होतं. आईला ओढून पुढे आणावं म्हणून तिनं हात पुढे केला.

तेवढ्यात हॉलचा व्यवस्थापक मधे आला. "ही कोण? ताफ्यात गाणाऱ्या तीनच बायका सांगितल्या होत्या. ए बाई, तू इथलीच ना? कुणाकडे काम करतेस?"

क्लिओराचा हात तसाच हवेत राहिला. मग खाली आला.

"माझी मोलकरीण आहे साहेब," ती म्हणाली. "मेकन शहरातून आणलीय बरोबर. गाणं कानावर पडलं की चेव येतो तिला. अडाणी आहे."

"असं का गं?"

"होय साहेब," ओझेला म्हणाली.

घरी आल्यावर त्यावर दोघीही बोलल्या नाहीत. बोलण्यासारखं होतं काय? आई सांगितली असती, तर गावातली काळी बाई ठराव मोडून आत शिरली म्हणून ओझेलाला पोलिसांनी उचललं असतं. हे दोघींनाही कळत होतं. ओझेलानं उपास सोडला, लेकीला मक्याचा पाव आणि ताक दिलं. "रविवारी मी ओ देईन," एवढं सांगितलं. क्लिओरा आईच्या मांडीवर डोकं ठेवून रडली. ताफा पुढच्या गावाला गेला. क्लिओरा रविवारपर्यंत राहायची होती. सगळं मनासारखं झालं होतं. तरी अंथरुणावर पडल्यावर एक शब्द ओझेलाच्या कानात पिसवेसारखा फिरत राहिला. मोलकरीण. मोलकरीण. जन्मभर मी तीच होते की, ती स्वतःला समजावत होती; मग आज कसलं एवढं?

दुसऱ्या दिवशी कॅलवेंकडे ती इस्त्री करत होती. रेडिओवर गाणं लागलं. आज अंगणात जायचं कारण उरलं नव्हतं. हाक आली, तशी तिनं कपड्यावरची नजर न उचलता, पुटपुटल्यासारखी ओ दिली.

दारात मार्गी उभी होती. तिचा आ वासलेला.

"तू! ओझेला, काल ती तू होतीस! देवाशपथ, तोच आवाज!" तिनं धावत येऊन ओझेलाचे दोन्ही खांदे धरले. "पडद्यामागे तू होतीस! तू तिथे कशी? तिची मोलकरीण म्हणून गेली होतीस का?"

तो शब्द पुन्हा आला. ओझेलानं इस्त्री उभी करून ठेवली.

"मी तिची आई आहे, मिस मार्गी," ती म्हणाली. "क्लिओरा माझी लेक."

म्हणताना तिला इतकं हलकं वाटलं, की जणू तिनं कित्येक वर्षं श्वासच सोडला नव्हता.

मार्गीनं किंकाळी फोडली. नाचली. गिरकी घेतली. फोन करून दोन मैत्रिणींना बोलावून घेतलं. मग ओझेलाला हाताला धरून थेट पुढच्या दिवाणखान्यात नेलं आणि फिक्या पिवळ्या सोफ्यावर बसवलं. इतकी वर्षं ओझेला तो सोफा झटकत होती. त्यावर टेकली नव्हती.

"नको, मिस मार्गी. मॅडम येतील."

"येऊ देत की! आमच्या वेळी असलं काही राहणार नाही, बघशील तू. एकदा हे गाणं लागलं ना, की कोण गोरं आणि कोण काळं? मागच्या महिन्यात दोरी पडली तेव्हा मी होते तिथे. मी एका काळ्या मुलाबरोबर नाचले! त्याचं नावसुद्धा नाही विचारलं मी. म्हण ना गं, ओझेला, ते म्हण ना!"

तिन्ही पोरी गालिच्यावर मांडी घालून तोंडं वर करून बसल्या होत्या. त्यांच्या डोळ्यांत खोट नव्हती. ओझेलानं ओ दिली. एकदा, दोनदा. त्या टाळ्या देत होत्या आणि ती हसून त्यांना थांबवत होती, "अशी नव्हे, पोरींनो, अशी. पाय पडू दे आधी."

मिसेस कॅलवे कधी आल्या कळलंच नाही. त्या दारात छत्री मिटवत उभ्या होत्या. ओरडल्या नाहीत. त्यांनी कधीच आवाज चढवला नव्हता. पोरींना म्हणाल्या, "बाहेर ऊन कमी झालंय, व्हरांड्यात बसा." पोरी गेल्यावर ओझेलाकडे वळून, अगदी हळू, "ओझेला, या उशांचे अभ्रे काढ. बैठकीचेही काढ. गरम पाण्यात घाल, बाई. आजच घाल, डाग बसतात."

डाग कुठेच नव्हता. ओझेलानं अभ्रे काढले, मागच्या अंगणात पाणी तापवलं, आणि जिथे ती बसली होती ती जागा स्वतःच्या हातांनी चोळून चोळून धुतली.

मार्गीनं त्या संध्याकाळी जेवताना वडिलांना सगळं सांगितलं. कौतुकानंच सांगितलं.

शुक्रवारी सकाळी शेरीफची, म्हणजे इथल्या पोलीसप्रमुखाची, गाडी ओझेलाच्या दारात उभी राहिली. शेरीफ खाली उतरला नाही, खिडकीतूनच बोलला. "क्लिओरा तूच ना? माझी बायको तुझी रेकॉर्ड लावते दिवसभर. गातेस छान. दुपारच्या आत गाव सोड. सोडलं नाहीस, तर म्हातारीला आत घालावं लागेल. हॉलमध्ये खोटं सांगून घुसली होती. काय करायचं ते तुम्ही ठरवा." आणि गाडी सुरू करता करता, "पुन्हा या गावात कार्यक्रम नाही. तुझाच नव्हे, तुम्हा कुणाचाच. समितीनं ठरवलंय."

धूळ खाली बसली.

"कुणी सांगितलं यांना?" क्लिओरानं विचारलं. "त्या व्यवस्थापकाला पटलं होतं. मी बघितलं ना, पटलं होतं त्याला. कुणी चुगली केली?"

"मी," ओझेला म्हणाली.

"काय?"

"मार्गीला सांगितलं. तू माझी लेक आहेस म्हणून."

"आई, मी तुला मोलकरीण म्हटलं ते तुला वाचवायला म्हटलं."

"ठाऊक होतं गं मला."

"ठाऊक होतं? मग?"

"तोंडाला आलं." ओझेलाला याहून दुसरं काही सापडेना. "बरं वाटलं म्हणताना."

"सहा वर्षं!" क्लिओराचा आवाज चिरकला. "सहा वर्षं मंडळीत कुणापुढे म्हणाली नाहीस. डीकनांनी नाव काढलं तेव्हा म्हणाली नाहीस. आणि म्हणालीस ती कुणापुढे? त्या पोरीपुढे? जिच्या चड्ड्या धुतेस तिच्यापुढे?"

ओझेला आत गेली. तिनं टोपलीत मक्याचा पाव बांधला, भाजलेली रताळी बांधली. क्लिओरानं टोपली घेतली. नको म्हणाली नाही, आणि आईच्या गळ्यातही पडली नाही. मंडळीतल्या बायका एकमेकींना सिस्टर म्हणत; त्यातल्या शेजारच्या सिस्टर बर्डीचा नवरा तिला बसपर्यंत सोडायला गेला.

रविवारी ओझेला पांढरा पोशाख करून चर्चला गेली. पाद्री टॉलिव्हरांना तिनं आधी सगळं सांगितलं होतं. "मी ओ देते की हो," ती त्यांना विनवून म्हणाली होती. "ती नसली तरी मी देते. तुम्ही हाक घाला."

पाद्रींनी मान हलवली होती. "मदर प्रुइट, ओ देऊन हाताला धरून आणायचं कुणाला? रिकाम्या उंबऱ्याला हाक घालायची रीत नाही आपल्यात."

तरी प्रार्थनेच्या वेळी तिचं लक्ष मागच्या दाराकडे होतं. दार उघडं होतं. दारातून ऊन आत आलं होतं. कुणी हाक घातली नाही. मागे बसलेला एक डीकन शेजाऱ्याला म्हणाला, पुरेसं मोठ्यानं, "मदर आता हॉलमध्ये गातात म्हणे. आपल्यासाठी आवाज उरला असेल का?" चारदोन जण हसले. सिस्टर बर्डीनं मागे वळून त्या डीकनाकडे अशा नजरेनं बघितलं, की त्यानं स्तोत्राचं पुस्तक तोंडापुढे धरलं. पण कुणी उठून काही म्हणालं नाही. ओझेलाला त्याचा राग आला नाही. सहा वर्षांपूर्वी त्याच बाकावर बसून ती स्वतःही उठली नव्हती.

सोमवारी ती कामावर गेली, कारण सोमवार होता.

सोफ्यावर स्वच्छ अभ्रे चढले होते. मिसेस कॅलवे नेहमीसारखं गोड बोलल्या. झाल्या गोष्टीबद्दल त्यांनी चकार शब्द काढला नाही. ओझेला स्वयंपाकघरात वाटाणे सोलायला बसली. थोड्या वेळानं मार्गी आली. डोळे सुजलेले. ओझेलाच्या शेजारी खाली जमिनीवर बसली आणि तिच्या गुडघ्यावर डोकं टेकवून हुंदके देऊ लागली.

"ते आता कुणालाच येऊ देणार नाहीत, ओझेला. कुणालाच! उन्हाळ्यात दोन कार्यक्रम होते, दोन्ही बंद केले. मी काय वाईट केलं गं? मी तर कौतुकच केलं तिचं. डॅडींना वाटतं आम्हाला काही कळत नाही. आमचं किती नुकसान झालं, त्यांना कुठे ठाऊक आहे!"

ओझेलाचा हात उचलला गेला. ही पोर तान्ही असल्यापासून ती रडली की तो हात असाच उचलला जायचा. तो मार्गीच्या केसांवर, थोडा वर थांबला. मग परत वाटाण्यांत गेला.

"क्लिओरा गेली का गं? मला भेटायचं होतं तिला. मला तिची सही हवी होती."

"गेली."

"परत येईल ना?"

"नाही, मिस मार्गी."

मार्गीनं नाक पुसलं. ती वाटाण्याच्या टरफलांशी चाळा करू लागली. मग वर बघून, ओल्या डोळ्यांनी, लाडात आल्यासारखी म्हणाली, "एकदाच म्हण ना, ओझेला. माझ्यासाठी. मला बरं वाटेल. मी हाक घालते हां." आणि तिनं घातली. चाल बरोबर होती, मोडणसुद्धा बरोबर होती. क्लिओराची रेकॉर्ड ऐकून ऐकून तिनं ती घोटून घेतली होती.

"उंबऱ्याशी कोण उभं?"

हाक भांड्यांवरून, चुलीवरून फिरत वर गेली. मार्गी तोंड वर करून वाट बघत होती. ओझेलाच्या छातीत तळाशी ती ओ आपोआप भरून आली, घशापर्यंत आली. तिनं दात आवळले.

"ओझेला?"

ओझेलानं नवी शेंग घेतली, अंगठ्यानं फोडली, दाणे भांड्यात टाकले. दुसरी घेतली.

"ओझेला, अगं, म्हण ना!"

दाणे भांड्यात पडत राहिले.